विमान चिन्हाचे चेरमन

तळेवाडीत तळं नव्हतं आणि गहिनीनाथ चेरमनना उंची सोसत नव्हती. यातली पहिली गोष्ट साऱ्या गेवराई तालुक्याला ठाऊक होती. दुसरी फक्त त्यांच्या बायकोला, भिवराबाईला.

पन्नाशी उलटेपर्यंत ही दुसरी गोष्ट झाकून राहिली याचं श्रेय मुख्यतः भूगोलाला द्यायला हवं. चकलांबा आणि उमापूर यांच्या मधला हा मुलूख असा सपाट आहे की माणसाला उंचावर जायचं म्हटलं तरी जागा शोधावी लागते. उन्हाळ्यात सगळं गाव माळवदावर झोपायला जाई, तेव्हा गहिनीनाथ अंगणात बाज टाकत. "कंबरंला वारं सोसत न्हाई," म्हणत. कडब्याची गंजी रचताना ते खाली उभे राहून पेंढ्या वर फेकत आणि वरच्या माणसाला शिव्या देत. त्यामुळे ते भित्रे न वाटता मालक वाटत. शेळीला पाला हवा असला की लिंबावर भिवराबाई चढे आणि हे बुंध्याशी उभे राहून कोणती फांदी ते सांगत.

गावात त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. दुष्काळ पडला की जनावरं टेम्पोत घालून सरकारी चारा छावणीला न्यावी लागत. ज्या बैलाने जन्मात गोठा, बांध आणि बाजार यापलीकडे काही पाहिलेलं नाही, तो टेम्पोच्या फळीवर पाय ठेवायला तयार होत नाही. चार माणसांनी पुढून ओढलं की तो चार माणसांसकट मागे सरतो. मग गहिनीनाथांना बोलावणं जाई. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी ओढणाऱ्यांना लांब पिटाळायचं. जनावराच्या डोळ्यांवर टॉवेल टाकायचा. नाकाशी त्याच्याच गोठ्यातला कडबा धरायचा. मानेखालची लोंबती पोळी खाजवत त्याच्या कानाशी हळू आवाजात बोलत राहायचं. काय बोलायचं याला महत्त्व नव्हतं. गहिनीनाथ बहुतेक वेळा दुधाच्या फॅटवर बोलत. आणि बोलता बोलता मागून हलका रेटा द्यायचा.

"भ्यालेल्या जिवाला फुडून वडायचं नसतं," ते बघ्यांना सांगत. "म्हागून रेटायचं. त्याला वाटलं पायजे, आपण आपल्याच मनानं चाललोत."

त्यांचा स्वतःचा पाखऱ्या नावाचा बैल या बाबतीत सगळ्या गावात अवघड होता. टेम्पो दिसला की तो घामाघूम होई आणि चारी पाय जमिनीत रोवून उभा राही. पाखऱ्यालाही ते चढवत. हीच पद्धत माणसांना लागू पडते हे लक्षात आल्यावर ते राजकारणात आले.

गावची दूध संस्था जुनी होती. दूध फारसं नव्हतं, पण संस्था होती. दुष्काळात आपल्याकडे विहिरी आटतात, म्हशी आटतात, संस्था आटत नाहीत. तिची निवडणूक लागली तेव्हा गहिनीनाथांच्या पॅनलने कपबशी हे चिन्ह मागितलं, कारण दूध आणि कपबशी यांचा संबंध मतदाराला समजावून सांगावा लागत नाही. आधीचे चेरमन मोहनराव यांनीही कपबशीच मागितली. यावर एवढं भांडण झालं की शेवटी कपबशी कोणालाच मिळाली नाही. गहिनीनाथांच्या वाट्याला विमान आलं आणि मोहनरावांच्या वाट्याला छत्री.

छत्रीचा प्रचार करणं अवघड गेलं. गावाने दोन वर्षं नीट पाऊस पाहिला नव्हता. सभेत मोहनरावांनी छत्री उघडली की लोक आधी आभाळाकडे बघत आणि मग मोहनरावांकडे. गहिनीनाथांनी मात्र विमान जोरात चालवलं. जीपच्या टपावर पत्र्याचं विमान बसवलं आणि स्वतः आत बसून सगळ्या वस्त्या पालथ्या घातल्या. "येत्या पाच वर्सांत आपल्या संस्थेचं विमान आभाळात गेलेलं दिसंल," असं ते प्रत्येक सभेत सांगत. हे वाक्य संस्थेचा सचिव शहादेव याने लिहून दिलं होतं. शहादेव पेपर वाचणारा माणूस होता आणि वाक्यांच्या परिणामांची त्याला काळजी नसे.

विमान निवडून आलं. महिला राखीव जागेवर भिवराबाईही आली. तिचा अर्ज शहादेवने भरला होता आणि तिला ते मतदानाच्या आदल्या दिवशी कळलं. छत्रीचा एकच माणूस आला, तो म्हणजे खुद्द मोहनराव.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात वरून पत्र आलं. दुष्काळी भागातल्या दूध संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी अभ्यास दौऱ्यावर हरियाणाला जाऊन तिथल्या म्हशी पाहून याव्यात. वर कोणाला तरी असं वाटलं असावं, की तिथली म्हैस एकदा डोळ्यांनी पाहिली की इथली म्हैस चाऱ्याशिवाय दूध देऊ लागेल. चेरमन, एक महिला संचालक आणि विरोधी गटाचा एक संचालक असे तिघे जायचे होते. औरंगाबाद ते दिल्ली प्रवास विमानाने.

शहादेवने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला टाळ्या पडल्या. गहिनीनाथांनीही टाळ्या वाजवल्या, आणि वाजवता वाजवता त्यांच्या तळव्यांना असा घाम फुटला की टाळीचा आवाज येईना.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर चेरमनच्या डोक्यावर वैमानिकाची टोपी होती आणि खाली 'विमानात बसल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असं लिहिलेलं होतं. ते अजून बसले नव्हते, पण गावाच्या दृष्टीने ती किरकोळ बाब होती.

एका माणसाला ती किरकोळ वाटली नाही. मोहनराव हॉटेलात अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता चालू असला की त्यांचं डोकं चालत असे.

"चेरमन," ते म्हणाले, "तुमच्या तोंडावरचा रंग उडालाय. विमानाचं नाव काढलं की उडतोय."

"उन्हाचं हाय ते."

"सावलीत बसलोत आपण."

"मंग सावलीचं आसंल," गहिनीनाथ म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

मोहनरावांनी मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ज्या चिन्हावर मतं घेतली त्याच्यात बसायची ज्याची छाती न्हाई, त्यानं खुर्चीत बसू नये. चेरमन विमानात न्हाई चढले तर परत आल्या आल्या अविश्वास ठराव आणतो. तुमचेच चार संचालक सही करतेत का न्हाई बघा."

करणार होते. गहिनीनाथांना त्यांची नावंही माहीत होती.

त्या दिवसापासून चेरमनचं अन्न कमी झालं. जेवताना मध्येच त्यांचा हात थांबे आणि दुसऱ्या हाताने ते खालची जमीन चाचपून बघत. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला पडण्याची भीती वाटावी, याची त्यांना लाज वाटत होती, पण लाजेने भीती कमी होत नव्हती. उमापूरच्या डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि विमानात बसण्याआधी घ्यायची एक गोळी दिली. गहिनीनाथ कोणतीही पेंड आधी थोडी चारून बघत. त्यांनी गोळीही मासिक बैठकीच्या दिवशी घेऊन पाहिली. बैठकीत ते बसल्या जागी असे झोपले की त्या दिवशीचे सगळे ठराव प्रथमच एकमताने मंजूर झाले.

"ही गोळी नगं," ते घरी म्हणाले. "आसं झोपलो तर दिल्लीच्याबी फुडं नेतेल मला."

"मंग जाऊ नगा," भिवराबाई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या ती खुर्ची. माझ्या शेळ्या बसतेन तिच्यावर."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"खुर्चीतलं न्हाई कळत. तुमच्यातलं कळतंय."

गहिनीनाथ उठून बाहेर गेले आणि बाहेर त्यांना पाण्याची टाकी दिसली.

ही टाकी नळयोजनेची होती. तिच्यात पाणी उद्घाटनाच्या दिवशी आलं होतं, त्यानंतर नाही. गावातली सगळ्यात उंच वस्तू तीच. गहिनीनाथांनी विचार केला की बैलाला टेम्पोची सवय करायची तर आधी उभ्या गाडीत चढवून बघतात. आपणही आधी उभ्या टाकीवर चढून बघावं. भर दुपारी, गाव निजलेलं असताना, ते लोखंडी शिडी चढू लागले. नजर समोरच्या सिमेंटवर ठेवली होती, त्यामुळे चढणं जमलं. वरच्या कठड्याशी पोचले, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि त्यांनी खाली पाहिलं.

छातीत मळणीयंत्र सुरू झालं. जीभ टाळ्याला चिकटली. दांड्यावरची बोटं उघडावीत असं त्यांनी बोटांना सांगितलं, पण बोटांनी ऐकलं नाही. पाखऱ्या फळीपुढे कसा दिसत असे ते त्यांना लख्ख आठवलं, आणि त्या बैलाला आपण आजवर जे जे बोललो त्याचं वाईट वाटलं.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते टँकरच्या वाटेवर रिकाम्या घागरी मांडून बसलेल्या बायांनी. आपल्याकडे माणूस टाकीवर एकाच कारणासाठी चढतो. त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

"चेरमन पाण्यासाठी चढले," एक बाई म्हणाली.

"चढणार न्हाईत तर काय. आमीच मत दिलतं."

थोड्या वेळात सगळं गाव टाकीखाली होतं. शहादेव धावत आला. त्याने आंदोलनांबद्दल पुष्कळ वाचलं होतं आणि आजवर एकही हाताशी आलं नव्हतं. त्याने घोषणा सुरू केल्या, तालुक्याला फोन लावला आणि चेरमनच्या वतीने मागण्या ठरवल्या. ऊन कलता कलता जीपमधून नायब तहसीलदार आले. ते भले गृहस्थ होते आणि त्या आठवड्यात टाकीवरून उतरवलेला हा त्यांचा पहिलाच माणूस नव्हता.

"चेरमन, खाली या. बसून चर्चा करू," त्यांनी हाक दिली.

वरून उत्तर आलं नाही.

"साहेब, ते तोंडी बोलण्यावर उतरणारे न्हाईत," शहादेव म्हणाला.

"बरं, टँकरची एक खेप वाढवून देतो."

शहादेवने वर पाहून घेतलं.

"चेरमनला एक मान्य न्हाई," शहादेवने कळवलं.

"दोन."

गहिनीनाथांना खालचं बोलणं विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं ऐकू येत होतं. त्यांना ओरडून सांगायचं होतं की खेपा नकोत, फक्त कोणीतरी दोर आणा. ओठ हलले, आवाज निघाला नाही.

"बघितलं का साहेब, मान हलवली. दोनबी नगं म्हणतेत."

नायब तहसीलदारांनी घाम पुसला, पुन्हा फोनवर बोलले आणि छावणीसाठी वेगळा टँकरसुद्धा कबूल केला. गहिनीनाथांनी एवढी चांगली वाटाघाट शुद्धीवर असताना कधी केली नव्हती.

तेवढ्यात भिवराबाई छावणीवरून आली. ती गर्दीतून पुढे झाली, डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"बया गं," ती आपल्याशीच म्हणाली. "पाखऱ्या झालाय ह्यांचा."

तिने शेजारच्या गोठ्यातून मूठभर कडबा उचलला, कोणाच्या तरी खांद्यावरचा टॉवेल ओढला, पदर खोचला आणि शिडी चढून गेली. वर जाऊन तिने नवऱ्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. कडबा नाकाशी धरला. मग हनुवटीखाली खाजवत कानाशी म्हणाली, "काल सकाळच्या दुधाला फॅट कितीची लागली?"

टॉवेलखालून खरखरीत आवाज आला, "साडेतीन."

"आन् म्हशीची?"

"सहा... सहाला जरा कमी."

"कावून कमी?"

"सरकी संपली ना," गहिनीनाथ म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांची बोटं दांड्यावरून सुटली. भिवराबाई त्यांच्या खालच्या पायरीवर उभी राहिली. एकेक पाऊल आपल्या हाताने पायरीवर ठेवत, म्हशींची फॅट विचारत, तिने त्यांना जमिनीवर आणलं. गावाने त्यांना खांद्यावर घेतलं. त्यांना आणखी वर जायचं नव्हतं, पण विचारलं कोणी नाही.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. 'आंधळ्या प्रशासनाचा निषेध : चेरमनचे डोळ्यांवर पट्टी बांधून आंदोलन.'

मोहनरावांनी मात्र उतरताना चेरमनच्या लटपटणाऱ्या पोटऱ्या पाहिल्या होत्या. "टाकीवरनं बायकूनं उतरवलं," ते हॉटेलात म्हणाले. "आता विमानात मी संगट हाय. मोबाईलमधी शूटिंग घेतो आन् सगळ्या गावाला दाखवतो."

जाण्याचा दिवस आला. गावाने हार घातले. चिकलठाण्याच्या विमानतळावर तिघे पोचले तेव्हा गहिनीनाथ पांढरे पडले होते आणि मोहनराव खुशीत होते. तपासणीच्या ठिकाणी जवानाने मोहनरावांच्या खिशातून अडकित्ता काढला आणि बाजूच्या डब्यात टाकला.

"आवो, वडिलांचा हाय तो," मोहनराव म्हणाले.

"अलाउड नहीं है."

मोहनराव रिकाम्या हाताकडे बघत पुढे गेले. त्यांची खुशी तिथेच थोडी उतरली.

मग भिवराबाईची पिशवी आली. जवानाने आतून फडक्यात बांधलेली जुडी बाहेर काढली, वास घेतला, उलटून पाहिली.

"ये क्या है?"

"वैरण," भिवराबाई म्हणाली.

"किसके लिए?"

तिने शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "ह्यांच्यासाठी."

जवानाने गहिनीनाथांकडे नीट पाहिलं आणि जुडी परत पिशवीत ठेवली. वैरणीबद्दल नियमात काही नसावं.

आत तिघांच्या जागा शेजारी शेजारी होत्या. खिडकीशी भिवराबाई, मध्ये चेरमन, वाटेच्या बाजूला मोहनराव. हवाई सुंदरीने पट्टा कसा लावायचा ते दाखवलं, मग पिवळं जाकीट दाखवलं. विमान पाण्यावर उतरावं लागलं तर ते घालायचं होतं.

"पाण्यात पडलं तर म्हणती," भिवराबाई म्हणाली. "हितं पाणी हाय कुठं?"

एरवी गहिनीनाथ हसले असते. पण तेवढ्यात दार लागलं. ते दार लागल्याचा आवाज त्यांनी ओळखला. टेम्पोची फळी वर करून कडी घातली की असाच आवाज येतो, आणि त्या आवाजानंतर पाखऱ्या उडी मारत असे.

"मला उतरायचंय," ते म्हणाले आणि पट्ट्यासकट उठले. पट्ट्याने त्यांना परत बसवलं. "ओ बाई, दार उघडा. छावणीत काम ऱ्हायलंय माझं. वजन न्हाई झालं चाऱ्याचं."

"सर, प्लीज बैठे रहिए."

"बसायचंच न्हाई ना मला," गहिनीनाथ म्हणाले. श्वास वर अडकला होता. आपण आता मरणार आणि तेही हरियाणाच्या म्हशी न बघता, असं त्यांना स्पष्ट दिसलं. बाजूला मोहनरावांनी मोबाईल काढून त्यांच्यावर धरला होता. म्हणजे मरणाच्या आधी खुर्चीही जाणार होती.

भिवराबाईने पिशवीतून टॉवेल काढला.

"भ्यायचं न्हाई आसं मी म्हणत न्हाई," ती टॉवेल त्यांच्या डोक्यावरून पांघरताना म्हणाली. "भ्या. पर बसून भ्या."

कडब्याची जुडी टॉवेलखाली गेली. घरच्या गोठ्याचा वास आला. तिची बोटं हनुवटीखाली आली. "औंदा दिवाळीला फॅट कितीची होती?" तिने विचारलं. आणि टॉवेलखालून गावच्या दूध संस्थेचे चेरमन महिन्यावार सांगू लागले.

पौषापर्यंत आले होते तेव्हा विमान धावू लागलं. पाठीला रेटा बसला. मागून, आणि आपोआप. गहिनीनाथांना अगदी ओझरता विचार शिवून गेला की ज्याने हे यंत्र बनवलं त्याला जनावरं चढवण्यातलं थोडंफार कळत असावं. मग जमीन सुटली. त्याच क्षणी कोणीतरी त्यांचा हात करकचून धरला.

त्यांना वाटलं भिवरा. तिलाही शेवटी भीती वाटली, म्हणून त्यांना बरं वाटलं आणि त्यांनी तो हात थोपटला. मग लक्षात आलं की भिवराच्या हातात बांगड्या असतात. या हातात जाड अंगठी होती. त्यांनी टॉवेलची कड वर केली.

मोहनरावांनी डोळे गच्च मिटले होते. मोबाईल मांडीवर पालथा पडला होता आणि त्यांच्या धोतराचं शूटिंग करत होता. कपाळावरून घाम निथळत होता. सवयीने दुसऱ्या हाताची बोटं नसलेला अडकित्ता उघडत आणि मिटत होती.

"चेरमन," ते डोळे न उघडता म्हणाले, "ती वैरण जरा हिकडं सरकवा."

गहिनीनाथांनी आयुष्यात कितीतरी भ्यालेली जनावरं पाहिली होती, आणि भ्यालेलं जनावर समोर असताना त्याला चुचकारण्याखेरीज ते कधी दुसरं काही करू शकले नव्हते. टॉवेल आपोआप अर्धा पलीकडे गेला. कडबा मोहनरावांच्या नाकाशी धरला गेला. खाजवायला हात मानेखाली गेला तो कॉलरवर अडला. माणसाला पोळी नसते हे लक्षात आल्यावर त्यांनी पाठीवर थोपटून भागवलं.

"मोहनराव, तुमच्या येळंला फॅट किती लागायची?"

"आमच्या येळंला..." मोहनरावांनी एकदा कडबा हुंगला. "आमच्या येळंला सात लागायची म्हशीची."

"सात कुठली? पाणी घालायचे तुमी."

"पाणी घातल्यावर फॅट वाढती का बे?" मोहनराव चिडून म्हणाले. चिडताना त्यांनी पूर्ण श्वास घेतला, बऱ्याच वेळाने पहिल्यांदा. गहिनीनाथांनीही घेतला. मग दोघे टॉवेलखाली बसून जुन्या हिशोबांवरून भांडू लागले, आणि भांडण गावच्या हॉटेलातल्यासारखं होऊ लागलं तसा दोघांचा घाम उतरत गेला.

हवाई सुंदरी पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. दोन मोठी माणसं एका टॉवेलखाली आणि मधून कडब्याची धाटं बाहेर आलेली पाहून ती थांबली. तिने भिवराबाईकडे पाहिलं.

"काही न्हाई बाई," भिवराबाई म्हणाली. "मारकी न्हाईत दोघं."

आणि ती खिडकीकडे वळली. खाली आधी पिवळी जमीन होती, मग तांबडी, मग कुठेतरी नदीची वळवळती ओळ. नंतर ढग आले. ढग वरून कसे दिसतात हे तिने पहिल्यांदा पाहिलं. दोन वर्षं गावाकडे न फिरकलेले ढग इथे बिनकामाचे हिंडत होते, हे तिला पटलं नाही. पण बाकी सगळं आवडलं.

हरियाणातल्या म्हशी चांगल्या होत्या. त्या पोटापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. तळेवाडीची माणसं त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली, म्हशींकडे कमी आणि पाण्याकडे जास्त.

परतीचा दिवस आला तेव्हा चेरमन आणि विरोधी संचालक यांच्यात दुर्मीळ एकमत झालं. रेल्वेमार्गावरच्या दूध संकलनाचा अभ्यास करणं दोघांनाही गरजेचं वाटू लागलं.

"मंग माझं तिकीट कावून वाया घालायचं?" भिवराबाई म्हणाली. "मी जाते विमानानं. खिडकी हाय माझी."

आणि ती एकटी गेली.

फाट्यावर गाव हार आणि हलगी घेऊन उभं होतं. जीपमधून फक्त भिवराबाई उतरली.

"चेरमन कुठं हायेत?" शहादेवने विचारलं.

"म्हशी बघाय ऱ्हायलेत. मोहनरावबी."

"विमानात... बसलते ना दोघं?"

भिवराबाईने गर्दीकडे सावकाश पाहिलं. अख्खं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं, आणि त्या क्षणी दोन माणसांची सगळी अब्रू तिच्या पिशवीत होती, उरलेल्या कडब्याशेजारी.

"बसलते की," ती म्हणाली. "एकमेकांना धरून बसलते. लई जीव लागलाय दोघांचा."

चेरमन आणि मोहनराव मागाहून रेल्वेने आले आणि संध्याकाळच्या एस.टी.ने गुपचूप गावात शिरले. हार वाळले होते, ते पाखऱ्याने खाल्ले. अविश्वास ठराव आला नाही. मोहनरावांच्या मोबाईलमधलं शूटिंग कोणी पाहिलं नाही. त्यात सुरुवात सोडली तर चित्र धोतराचंच होतं, पण आवाज सगळा होता, आणि आवाज कसा पुसायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी तो मोबाईल धान्याच्या कणगीत ठेवला आणि नवा घेतला.

पुढे पाऊस पडला, छावणी उठली आणि यथावकाश संस्थेची पुन्हा निवडणूक लागली. अर्ज भरायच्या आठवड्यात भिवराबाईने मोहनरावांना घरी चहाला बोलावलं. दोघे पुरुष ओसरीवर बसले. तिने कपबशा ठेवल्या आणि उंबऱ्यात टेकली.

"औंदा चेरमन कोण व्हायचं?" तिने विचारलं.

दोघे एकदम बोलू लागले आणि एकदम थांबले.

"मी आपलं इचारते," ती म्हणाली. तिने खुंटीवरचा टॉवेल काढून सावकाश झटकला आणि घडी घालून मांडीवर ठेवला. "फॅट कितीची लागती आताशा?"

मोहनरावांनी चहा खाली ठेवला. गहिनीनाथांनी टॉवेलकडे पाहिलं.

"मला वाटतं," मोहनराव म्हणाले, "खुर्चीवर एकांदी बाई असावी. काळ बदललाय."

"मीबी त्येच म्हणणार होतो," गहिनीनाथ म्हणाले. आपण आपल्याच मनाने हे म्हणतो आहोत, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

निवडणूक बिनविरोध झाली. चिन्हं लागलीच नाहीत. नाव गहिनीनाथांनी सुचवलं, अनुमोदन मोहनरावांनी दिलं आणि पेपराने तळेवाडीच्या राजकीय समंजसपणावर चौकट छापली. नव्या चेरमनबाईंनी पहिल्याच बैठकीत एक ठराव घेतला. यापुढे कोणताही अभ्यास दौरा आला तर चेरमन एकट्याच विमानाने जातील, आणि खिडकीची जागा संस्थेच्या नावे मागितली जाईल.

ठराव एकमताने मंजूर झाला, आणि या वेळी कोणी गोळी घेतलेली नव्हती.